विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष : मान आणि जबाबदारी

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात ग्रामस्थांच्या सभेत वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रींच्या कृपेने मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. काल कळस चढला, तेव्हा शिखराकडे पाहताना अनेकांचे डोळे पाणावले. गाव करी ते राव न करी, ही म्हण या गावाने खरी करून दाखविली. कोणी पाषाण दिला, कोणी सिमेंट दिले, कोणी ट्रॅक्टरच्या खेपा घातल्या. आणि ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नव्हते, त्याने पाटी-फावडे घेऊन अंगमेहनत केली. या सर्वांना श्री उदंड आयुष्य देवोत.

आता कळस चढल्यावर दुसरा विषय पुढे येतो. विश्वस्त मंडळाची मुदत येत्या काही महिन्यांत संपत आहे. पारावर, चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या थांब्यावर एकच चर्चा चालू आहे : नवा अध्यक्ष वरच्या आळीचा होणार की खालच्या आळीचा? अमक्या घराण्याचा की तमक्या? त्या माणसाने अध्यक्ष होऊन नेमके काय करायचे, याची चर्चा मात्र ऐकू येत नाही. माणूस आधी आणि काम मागाहून, असा हा उलटा व्यवहार झाला. म्हणून काम काय आहे ते आधी सर्वांना कळावे, एवढ्यासाठी आजचा हा विषय.

अध्यक्ष म्हटले की गावाच्या डोळ्यांपुढे मान उभा राहतो. पालखीला पहिला खांदा कोणाचा, पाहुण्यांना नारळ-टोपी कोण देणार, पत्रिकेत नाव कोठे छापायचे, कोनशिलेवर कोणाचे अक्षर मोठे. मान असू नये असे कोणीच म्हणणार नाही. जो गावासाठी खपतो त्याला गावाने नारळ द्यावाच. पण हा मान यात्रेचा आणि उत्सवाचा, वर्षातून पाचसहा दिवसांचा. बाकीचे तीनशे साठ दिवस उरते ती जबाबदारी, आणि ती उचलणाऱ्याला कोणी हार घालीत नाही.

प्रथम मंदिराचा मालक कोण, हे स्पष्ट झाले पाहिजे. चावडीतून देवस्थानच्या जमिनीचा सातबारा काढून पाहावा. इनाम जमीन देवाला दिलेली असेल तर कब्जेदार म्हणून तेथे देवाचेच नाव असते आणि ‘देवस्थान इनाम वर्ग ३’ अशी नोंद असते. पुजारी किंवा गुरव वहिवाट पाहतो, विश्वस्त देखरेख करतात, पण जमीन देवाची. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका प्रकरणात हेच पुन्हा स्पष्ट केले, की देवस्थानच्या जमिनीचा मालक देव आहे, पुजारी नव्हे. कायदा देवाला एक व्यक्ती मानतो, आणि तीही अज्ञान बालकासारखी. बालकाची शेतीवाडी, घरदार त्याचे स्वतःचे असते. पण त्याला ते सांभाळता येत नाही, म्हणून पालक नेमावा लागतो. विश्वस्त हे देवाचे पालक, आणि अध्यक्ष त्यांच्यातला थोरला. थोरल्याने पोरक्या पुतण्याचे शेत आपल्या नावावर करून घेतले तर गाव त्याला काय म्हणते, ते सांगायला नको. देवाच्या बाबतीतही तोच न्याय.

या बाबतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे उदाहरण आठवावे. १७२५ साली चौंडीला जन्मलेल्या या बाईंनी १७६७ ते १७९५ पर्यंत माळव्याचा कारभार केला. काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० च्या सुमारास पुन्हा उभारले, सोमनाथला १७८३ साली नवे मंदिर बांधले. घाट, विहिरी, धर्मशाळा किती बांधल्या त्याची गणती करणे कठीण. हा दानधर्म त्यांनी दौलतीच्या खजिन्यातून केला नाही. आपल्या खासगीच्या उत्पन्नातून केला. दौलत वेगळी आणि खासगी वेगळी, हे त्यांनी कधी विसरू दिले नाही. आज्ञापत्रावर स्वतःच्या नावाऐवजी ‘श्री शंकर’ लिहिण्याचा त्यांचा प्रघात प्रसिद्ध आहे. एवढ्या मोठ्या राज्याची धनीण देवाच्या नावाने सही करीत होती. गावच्या देवस्थानच्या अध्यक्षाने सही करताना एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

आता अध्यक्षाची प्रत्यक्ष कामे पाहू.

पहिले काम सभेचे. अध्यक्ष एकटा कोणताही मोठा निर्णय घेऊ शकत नाही. पाचामुखी परमेश्वर, असे जुने लोक म्हणत आले, आणि कायद्याचे म्हणणेही तेच आहे : विश्वस्तांनी निर्णय एकत्र बसून घ्यावा. कायद्यात अध्यक्षासाठी वेगळे सिंहासन मांडलेले नाही. तो विश्वस्तांपैकी एक. त्याला जादा अधिकार असेल तर तो संस्थेच्या घटनेत लिहिलेला असतो. समसमान मते पडली तर निर्णायक मत देणे, सभा चालविणे, कागदावर सही करणे, इतपतच. म्हणून निवडून आलेल्या अध्यक्षाने पहिल्याच आठवड्यात संस्थेची घटना आणि नोंदणीचा दाखला कपाटातून काढून शांतपणे वाचावा. कित्येक ठिकाणी अध्यक्षाची दहा-दहा वर्षे जातात आणि घटनेवरची धूळ झटकली जात नाही.

सभेची नोटीस मुदतीत निघाली पाहिजे, तिच्यात विषय लिहिलेले पाहिजेत, गणपूर्ती झाली पाहिजे आणि जे ठरले ते त्याच दिवशी इतिवृत्तात उतरले पाहिजे. घरोघर वही फिरवून सह्या गोळा केल्या म्हणजे सभा झाली, असे होत नाही. सभेत अध्यक्षाने आपले मत शेवटी सांगावे. थोरल्याने आधीच तोंड उघडले तर धाकटे गप्प बसतात, आणि गप्प बसलेला माणूस बाहेर जाऊन पारावर बोलतो. विरोधात बोलणाऱ्याचे बोलणेही वहीत लिहून घ्यावे. ते ऐकून घेण्यातच अध्यक्षाचे मोठेपण आहे.

दुसरे काम हिशोबाचे, आणि सर्वांत नाजूक तेच. या जीर्णोद्धाराची वर्गणी चालू असताना घडलेली एक गोष्ट अनेकांना माहीत आहे. एका म्हाताऱ्या माउलीने पदराची गाठ सोडून एकावन्न रुपये दिले आणि विचारले, “बाबा, पावती मिळंल का?” जवळची पोरे हसली. त्या वेळी पावतीपुस्तक दुसऱ्या आळीत गेलेले होते. अध्यक्ष उन्हातून तेथवर गेले, पुस्तक घेऊन परत आले आणि त्या माउलीच्या नावाची पावती फाडून तिच्या हातात दिली. तिने ती पावती देव्हाऱ्यात ठेवली. त्या दिवसानंतर खालच्या आळीतून वर्गणी आली, ती न मागता आली. लोकांना पैसे द्यायचे नव्हते असे नाही. आपला पैसा देवापर्यंत पोचतो की वाटेतच जिरतो, याची त्यांना खात्री हवी होती.

तळे राखी तो पाणी चाखी, अशी म्हण आहे. गावाने ती हसत हसत मान्य केली आहे, हेच दुखणे आहे. देवाच्या तळ्याचे पाणी राखणाऱ्याने चाखायचे नसते. त्यासाठी रीत अशी असावी. दानपेटीला दोन कुलुपे, किल्ल्या दोघांकडे. पेटी उघडायची ती ठरलेल्या दिवशी, पंचांसमक्ष. मोजदाद करून सर्वांच्या सह्या घ्यायच्या आणि रक्कम लगोलग बँकेत भरायची. सोन्याचांदीचा डाग आला तर सराफाकडून वजन करून दागिन्यांच्या वहीत लिहायचा आणि त्याचा फोटो काढून ठेवायचा. भंडाऱ्याचे तांदूळ, तेल, गूळ उरला तर त्याचीही नोंद करायची. हल्ली मोबाईलवरून देणगी येते. भिंतीवर जो क्यूआर कोड लावलेला असतो तो संस्थेच्याच खात्याचा आहे ना, की कोणा कार्यकर्त्याच्या स्वतःच्या खात्याचा, हे अध्यक्षाने जातीने पाहावे. सोय म्हणून चार दिवस लावलेला कोड चार वर्षे तसाच राहतो, आणि मग चांगल्या माणसावरही बालंट येते.

अध्यक्षाने आणखी एक पथ्य पाळावे. कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवू नये. “सचिव आपलाच माणूस आहे, सारखे सहीला कोठे यायचे?” असे म्हणून पुस्तकच्या पुस्तक सही करून देणारे अध्यक्ष असतात. त्यांची दानत चांगली असते. पण चौकशी होते तेव्हा दानत विचारीत नाहीत, सही कोणाची ते विचारतात.

तिसरे काम कायद्याचे. १९५० साली मुंबई राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम झाला. आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. गावचे सार्वजनिक मंदिर या कायद्याखाली येते. त्यातली चार-पाच कलमे अध्यक्षाला पाठ असावीत. विश्वस्त बदलले, कोणी वारले, कोणी राजीनामा दिला, तर तो बदल नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात कळवावा लागतो. हे कलम २२. दर वर्षी हिशोब बंद करून त्याची तपासणी करून घ्यायची. हे कलम ३३. लगेच न लागणारी रक्कम बँकेत, पोस्टात किंवा कायद्याने मान्य केलेल्या जागीच ठेवायची. हे कलम ३५. म्हणजे व्याज जास्त मिळते म्हणून देवाचा पैसा कोणा सावकाराकडे किंवा ओळखीच्या व्यापाऱ्याकडे ठेवता येत नाही. देवाची जमीन विकायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी लागते. हे कलम ३६. संस्थेच्या नावाने कर्ज काढायलाही मंजुरी आधीच हवी, आणि विश्वस्ताने स्वतःसाठी देवाचा पैसा उसनाही घ्यायचा नाही; हे कलम ३६ अ. लेकीच्या लग्नाची अडचण असो की बी-बियाण्याची, आठ दिवसांत परत करतो म्हणून घेतलेला पैसाही त्यात आला. हिशोब वारंवार न देणारा, कर्तव्यात सतत कुचराई करणारा किंवा पैशाचा अपहार करणारा विश्वस्त कलम ४१ ड खाली काढून टाकता येतो.

कागद वेळेवर न गेल्याने काय होते? मुदत संपते, निवड दोनदा होते, दोन आळ्यांचे दोन अध्यक्ष होतात आणि दोघेही आपापला बदल अर्ज घेऊन जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात उभे राहतात. तारखा पडू लागतात. बँक म्हणते, निकाल आणा, मग सही चालेल. खात्यात पैसा असतो, पण नंदादीपाच्या तेलासाठी पुजाऱ्याला दुकानदाराकडे उधारी करावी लागते. महाराष्ट्रात अशी मंदिरे थोडीथोडकी नाहीत. पंढरीचे उदाहरण सर्वांत मोठे. विठ्ठल-रुक्मिणी मंदिरातील वंशपरंपरेचे हक्क संपविणारा कायदा १९७३ साली झाला, आणि त्यावरचा झगडा सर्वोच्च न्यायालयात शेवटी मिटला तो २०१४ साली. म्हणजे चाळीस वर्षे गेली. गावच्या लहान देवळाला चाळीस वर्षांचा झगडा परवडेल काय, याचा विचार दोन्ही आळ्यांनी आजच करावा.

चौथे काम आप्तेष्टांना नाही म्हणण्याचे. शाळेच्या भिंतीपासून देवळाच्या शिखरापर्यंत, काम निघाले की कोणाचा तरी भाचा गवंडी निघतो, कोणाचा मेहुणा खडी-वाळूवाला निघतो. नात्यातल्या माणसाचे काम चांगले असू शकते. पण दरपत्रके तिघांची मागवावीत, ती सभेत उघडावीत, आणि ज्या विषयात अध्यक्षाचे नाते गुंतले असेल त्या विषयापुरते त्याने खुर्ची सोडून बाहेर बसावे. सिमेंटची पोती किती आली, किती लागली, किती उरली, याची वही ठेवावी. झालेल्या कामाचे मोजमाप झाल्यावाचून बिल देऊ नये. एवढे केले तर भाच्याला काम मिळूनही कोणी बोट दाखविणार नाही, आणि न मिळाल्यास भाचाही मामाला दोष देणार नाही.

पाचवे काम दार सर्वांना सारखे उघडे ठेवण्याचे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरला प्राण पणाला लावून दहा दिवस उपोषण केले, तेव्हा कोठे विठ्ठलाचे दार हरिजनांसाठी उघडले. ज्या दारासाठी एवढा मोठा माणूस उपाशी राहिला, ते दार गावोगाव उघडेच आहे ना, हे पाहणे अध्यक्षाचे काम आहे. दार उघडे म्हणजे नुसते दर्शन नव्हे. भंडाऱ्याची पंगत एक असावी, पालखीचा खांदा सर्व वस्त्यांना मिळावा, विश्वस्त मंडळात बायाबापड्यांना आणि गावाच्या कडेच्या वस्तीला जागा असावी. लाख रुपये देणाऱ्याची शिला लागली ते योग्यच. पण आरतीच्या वेळी एक लाखवाला आणि ते एकावन्न रुपये शेजारी शेजारी उभे राहावेत, मागे-पुढे नव्हे.

आणि सहावे काम, जे फार थोड्यांना जमते, ते पायउतार होण्याचे. मुदत संपली की अध्यक्षाने सर्व दप्तर यादी करून नव्या मंडळाच्या हवाली करावे : नोंदणीचा दाखला, घटना, इतिवृत्ताच्या वह्या, पासबुके, उरलेले धनादेश, वापरलेली आणि कोरी पावतीपुस्तके, दागिन्यांची वही, सातबाऱ्याचे उतारे, किल्ल्या. यादीवर देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही असावी. ज्याने ही यादी न मागता दिली, त्याने दहा वर्षांच्या कारभारावर कळस चढविला असे समजावे. ज्याच्या घरी तगादे लावून दप्तर आणावे लागते, त्याने केलेले चांगले कामही लोक विसरतात.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, असा माणूस मिळणार कोठे? असे कारभारी महाराष्ट्राने पाहिले आहेत. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाचे व्यवस्थापकीय विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील २०२१ च्या ऑगस्टमध्ये निवर्तले. तेथील स्वच्छता, शिस्त आणि सेवाधाऱ्यांची नम्रता हजारो वारकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. एवढ्या मोठ्या संस्थानाचा कारभार पाहूनही साधे राहता येते, हे भाऊंनी दाखवून दिले. गावच्या देवळाला तेवढा मोठा माणूस नको. त्या वाटेने चार पावले चालणारा पुरे.

शेवटी एक गोष्ट ग्रामस्थांच्या बाजूची. अध्यक्ष चांगला राहावा असे वाटत असेल तर गावानेही आपले काम केले पाहिजे. वार्षिक सभेला यावे. हिशोबाचा कागद फलकावर लागला तर थांबून वाचावा. शंका असेल तर सभेत उभे राहून विचारावी, अंधारात कुजबुजू नये. हिशोब विचारणे म्हणजे संशय घेणे नव्हे, आणि हिशोब देणे म्हणजे अपमान नव्हे. भाऊबंदांत बांध मोजतात तो भांडण होऊ नये म्हणून. देवाच्या पैशाचेही तसेच आहे.

तेव्हा येत्या निवडीच्या वेळी वरची आळी, खालची आळी हा विचार बाजूला ठेवावा. उभ्या राहणाऱ्या माणसाकडे पाहून मनाशी तीन प्रश्न विचारावेत. म्हाताऱ्या माउलीच्या एकावन्न रुपयांची पावती आणायला हा उन्हातून जाईल काय? स्वतःच्या भाच्याला हा नाही म्हणू शकेल काय? आणि मुदत संपली की किल्ल्यांचा जुडगा हा आपण होऊन देईल काय? तिन्हींना ‘होय’ असे उत्तर आले, तर तो कोणत्या आळीत राहतो हे विचारण्याचे कारण उरत नाही. तो देवाच्या आळीचा माणूस.

कळस उन्हापावसात उभा राहील, कारण त्याखालचा पाया दगडाचा आहे. मंदिराचा कारभार उभा राहील तो विश्वासावर, आणि त्या विश्वासाचा पहिला दगड म्हणजे अध्यक्ष. तो नीट बसविण्याची सद्बुद्धी श्री समस्त ग्रामस्थांना देवोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥